आमच्या ढोलाची फाईल

सांगलीत स्टँडच्या मागं ज्या मोबाईलच्या दुकानात मी कामाला होतो, तिथं माझं मुख्य काम म्हणजे गाणी भरणं. गिऱ्हाईक मेमरी कार्ड काढून काचेवर ठेवायचं आणि नुसतं म्हणायचं, "जत्रेची भर", "हळदीची भर", "ट्रॅक्टरला लावाय भर." कुठलं गाणं हे सांगायची गरज नसायची. ट्रॅक्टर म्हटलं की मला कळायचं, ऊस भरून कारखान्याला चाललेल्या माणसाला डोळा लागू नये असं काहीतरी पाहिजे.

यातली निम्मी गाणी कुठल्या कंपनीची नव्हतीच. आपल्यासारखीच पोरं, कुणी कराडला, कुणी जतला, घरातल्या एका खोलीत कॉम्प्युटरवर बसून हलगीखाली बास घालायची आणि फाईल नेटवर सोडून द्यायची. सकाळी कराडला सोडलेलं गाणं संध्याकाळपर्यंत मिरजेच्या रिक्षात वाजायचं. त्या पोरांना कुणी बघितलेलं नसायचं. ओळख एकच, गाण्याच्या मधे मधे घुमवून घातलेलं त्यांचं नाव. याला आम्ही 'नाव मारणं' म्हणायचो. नाव मारलं नाही तर दुसरा कुणीतरी मारणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

माझी शाळा नववीत सुटली. सोडली म्हणण्यापेक्षा सुटली म्हणणंच बरोबर. दुष्काळी भागातलं आमचं घर, वडील मेंढरं घेऊन वर्षातले कित्येक महिने कृष्णाकाठाला, आणि इंग्रजीच्या तासाला मी मागच्या बाकावर मान खाली घालून बसायचो. असल्या पोराला दुकानाच्या मालकानं ठेवून घेतलं, दुपारी गिऱ्हाईक नसताना कॉम्प्युटरला हात लावू दिला, एवढंच काय, मिक्सिंगचं सॉफ्टवेअर कुठूनतरी आणून स्वतः टाकून दिलं. "बिघडलं तर बिघडलं, फॉरमॅट मारू," म्हणाले. माझ्याशी इतकं सरळ तोवर कुणी बोललं नव्हतं. आजही त्यांच्या आठवणीनं मला बरं वाटतं.

एका जत्रेत मी बिरोबाच्या देवळापुढं आमच्या गावचा गजीढोल, म्हणजे धनगरी नाचाचा ढोल, मोबाईलवर टेपला. ढोलवाल्यांचे पुढारी वडिलांचे चुलतभाऊ, त्यांना सगळं गाव नाना म्हणतं. तो ढोल आणून त्याखाली मी बास घातला, मधला एक तुकडा उलटसुलट फिरवला, आणि रीतीप्रमाणं नाव मारलं. नाना डोळे दाखवायला सांगलीला आले होते, तेव्हा त्यांना दुकानात स्टुलावर बसवून हेडफोन लावला. ढोल सुरू झाला तसा त्यांचा पाय हलायला लागला. मग एकदम थांबला.

"ह्यो मदीच कोण वरडतोय रं?"

"मी हाय नाना. माझं नाव हाय ते."

"कशाला?"

"कुणी केलंय ते कळाय नगो?"

नानांनी हेडफोन काढून माझ्या हातात दिला. "लेका, ढोल घुमाय लागला की आमी सोताचं नाव इसरतो. आन् तू देवाच्या ढोलात हजेरी लावतोस व्हय?"

मालक काउंटरवरनं हसले. मला हसू आलं नाही. नाना गेल्यावर मी नाव काढून टाकलं आणि तीच फाईल कार्डांत भरायला लागलो. आमच्या गावचा माणूस दुसरं काही करू शकला असता असं मला अजूनही वाटत नाही.

पुढं काय झालं ते या धंद्यातल्या कुणालाही सांगावं लागणार नाही. बिननावाची फाईल म्हणजे दार उघडं टाकलेलं घर. पुढच्या जत्रांच्या हंगामात आमचा ढोल जिकडंतिकडं वाजत होता. कुठं त्यावर कराडच्या एकाचं नाव, कुठं भाड्यानं आणलेल्या बाईच्या आवाजात आणखी कुणाचं. कोल्हापूर रोडला उसाच्या ट्रॅक्टरवर पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी सायकल थांबवून उभा राहिलो. आनंद झाला होता, आणि आपलीच वस्तू दुसऱ्याच्या अंगावर बघितल्यासारखं वाटतही होतं.

नेमके तेव्हाच मामा गावी आले. आमच्या भागातली निम्मी माणसं गलाईच्या धंद्यात, म्हणजे लांबच्या गावी सराफाकडचं जुनं सोनं आटवून शुद्ध करून द्यायचं. मामांचं दुकान तामिळनाडूत. ते म्हणाले, "आता पोरं फोनवरच गाणी ओढून घेत्यात. तुझ्या कार्डाला कोण इचारतंय? चल माझ्यासंगं."

बोलणं खरंच होतं. दुकानात कार्डं यायची कमी झाली होती. पण मला गाव सोडायचं नव्हतं. भाषा येणार नाही, माणसं ओळखीची नाहीत, नुसत्या विचारानं जेवण जात नव्हतं. एकच वाट दिसत होती. साताऱ्यात फौजेतनं रिटायर झालेल्या एका गृहस्थांचा मोठा साऊंड होता, मिरवणुकीचा ट्रक. त्यांना कायमचा मिक्सिंगवाला पाहिजे होता. ती जागा मिळाली तर मी इथंच राहणार, नाही तर मामांबरोबर जाणार, असं घरात ठरलं.

मी फाईल घेऊन साताऱ्याला गेलो. ट्रकमागं स्पीकर बुटांसारखे चकचकीत पुसून ओळीनं लावलेले. मी ढोल वाजवला तसं ते म्हणाले, "अरे, ह्यो तर हाय माझ्याकडं." त्यांनी मोबाईल काढून एकामागनं एक तीन ढोल ऐकवले, तिन्हीवर वेगळी नावं.

"ह्यातला तू कंचा?"

"कंचाच न्हाई सर. ज्याच्यावर नाव न्हाई, त्यो मी."

ते इतके हसले की ट्रकवरच्या पोरानं खाली वाकून बघितलं. मी जत्रेतलं मूळ रेकॉर्डिंग लावलं. त्यात ढोल सुरू व्हायच्या आधी नाना खोकतात आणि कुणाला तरी शिवी देऊन रांगेत उभं करतात. ट्रकवाल्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं.

"पटलं मला. फौजेत हवालदार बी असाच रांगेत उभा करायचा," ते म्हणाले. "पर पब्लिकला कसं पटवणार? सुपारी नावावर येती गड्या. नाव मारून आण. सीझनभर माझ्या ट्रकवर वाजवतो. नाव झालं की तू माझा माणूस. न्हाई झालं तर मग मला ज्याचं नाव हाय त्योच घ्यावा लागंल. राग मानू नगंस."

राग कशाचा मानायचा? इतकं उघड बोलणारा माणूस भेटला हेच नशीब. मी तसाच गावी गेलो. देवळाच्या पारावर ढोलवाले बसले होते. मी सगळं सांगितलं, जागा काय, अट काय, आणि नाहीतर मामा.

"मग घाल की नाव," एकजण म्हणाला. "पर सगळ्यांचं घाल."

"सगळ्यांचं घालून कसं हुईल? गाणं संपंल, नावं संपायची न्हाईत."

"माझ्या बापाचं बी घाल. ढोल त्यानं मढवलाय."

"आरं, रेशनकार्डावर नाव चढवाय कवा एवढी घाई केली न्हाईस तू."

नाना मात्र ढोलाची दोरी ताणत बसले होते. मी म्हटलं, "आवं नाना, तुमी सांगा. तुमी म्हनशीला तसं."

"मला काय इचारतोस बाबा? पोट तुझं हाय. घाल नाव." मान वर न करता ते बोलले. त्यांनी परवानगी दिली होती, पण मनापासून नव्हे.

सांगलीला येऊन मी माझं नाव टेपलं. घुमवलं, ढोलावर ठेवलं, ऐकलं. काढलं. पुन्हा ठेवलं. मालक म्हणाले, "ह्येच पायजे हुतं की तुला, मग?" हो, मला पाहिजेच होतं. पण ते ऐकताना मला पारावरची सगळी माणसं दिसायची. शेवटी मी माझं नाव पुसून तिथं गावाचं नाव घातलं. तेवढ्यानं भागेल, अशी मनाची समजूत घातली.

साताऱ्याच्या त्या गृहस्थांनी ऐकलं. "चांगलं हाय. पर ही तर गावाची जाहिरात झाली. तू कुठं हायस ह्यात?" तरी दिल्या शब्दाप्रमाणं खंडाळ्यापासून साताऱ्यापर्यंत त्यांनी तो ढोल सीझनभर वाजवला. जागा मात्र कराडच्या पोराला मिळाली, आमच्या ढोलावर ज्याचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं होतं, त्यालाच. त्याचं काम माझ्यापेक्षा सफाईदार होतं, हेही खरं.

आणि सुपाऱ्या आल्या, पण गावाला. लोकांनी फाईल ऐकली, गावाचं नाव ऐकलं आणि खरा ढोल मागवायला सुरुवात केली.

आता इथं गलाईच्या दुकानात भट्टीपुढं बसून मी कधी कधी नेटवर आमचा ढोल शोधतो. तो अजून वेगवेगळ्या नावांनी सापडतो. गावाच्या नावाचाही आहे, खूप खाली. मामांनी मला सगळं दिलं, घर उभं राहिलं, त्याची मला जाण आहे. तरी अजून नवीन माणसानं तामिळमध्ये काही विचारलं की मी नववीतल्यासारखी मान खाली घालतो.

मी निघालो त्याच दिवशी ढोलवाल्यांची साताऱ्याची पहिली सुपारी होती. मामा आधीच पुढं गेले होते, म्हणून त्यांच्याच टेम्पोत ढोलांमधे बॅग घेऊन मी विट्यापर्यंत आलो. सगळे नवे पटके बांधून, लय खुशीत. स्टँडवर मी उतरलो. नाना मागं ढोल मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी हात करून मला जवळ बोलावलं.

"तिथं माईक कुठं लावायचा आसतो रं ढोलाला? त्यो ट्रकवाला इचारंल."

"तोंडापास्नं जरा लांब. तिरका. लय जवळ लावू देऊ नगा, फाटतोय आवाज."

"तिरका," नाना म्हणाले. "तूच आसतास तर बरं झालं आसतं."

टेम्पो कराडच्या रस्त्याला लागला. मी रेल्वेसाठी मिरजेची गाडी कुठं लागते ते विचारायला चौकशीच्या खिडकीकडं गेलो.