अकरा तुकड्यांचं कोडं

"बारावा तुकडा कुठनं आला?"

"सायकलच्या तारेचा हाय. वाकवला आन् लावला."

"म्या अकराच दिल्ते, छगन. भायेरचा तुकडा घेतला की कोडं बाद. तुझाच नियम हाय न्हवं?"

"नियम र्‍हाऊ दे तुझा. तुझ्या यंत्राला म्या फसवलं, येवढं कबूल कर!"

राहीबाई आत भाकरी थापत होती आणि पदर तोंडाला लावून हसत होती. बाहेर छगन, म्हणजे तिचा नवरा, आणि शेजारच्या खोलीतला कानिफनाथ, दोघं चाळिशीला टेकलेले बाप्ये, पोरांनी गोट्यांवरनं भांडावं तसे भांडत होते. १९९१ साल होतं ते. दोघंही नगरजवळच्या नागापूरच्या एमआयडीसीत पत्र्याची भांडी करणाऱ्या एका कारखान्यात कामाला होते. छगन फिटर, कानिफनाथ पत्रा दाबायच्या प्रेसवर.

त्यांचा खेळ असा होता. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात भंगारातले तुकडे भरायचे: घड्याळाची चाकं, स्प्रिंगा, छर्रे, साखळीच्या कड्या. वर एक चिठ्ठी: ह्यातनं अमुक करणारं यंत्र बनव. तिसरा छर्रा तेवढा डावीकडं पडेल असं बनव, नाहीतर चाक दोनदा फिरल्यावर आपसूक थांबेल असं बनव. बाहेरचा तुकडा घ्यायचा नाही, आतला उरवायचा नाही. आणि कोडं घालणाऱ्यानं ते आधी स्वतः सोडवलेलं पाहिजे. नवा डबा आला की जुना परत द्यायचा. डबा हातात पडला की आधी कानाशी धरून हलवायचा आणि तुकडे किती ते नुसत्या आवाजावर सांगायचं, मग चिठ्ठीत लिहिलेल्या मोजणीशी ताडायचं. कानिफनाथाचा आकडा कधी चुकत नसे. राहीबाई म्हणायची, एवढं कान देऊन बायकोचं ऐकलं असतं तर दोघांच्याही घरावर कौलं चढली असती.

त्या खेपेचं कोडं कानिफनाथानं कारखान्यातल्या प्रेसवरनंच काढलं होतं. प्रेसला दोन बटणं असतात, एकमेकांपासनं लांब. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच वरचा ठोकळा खाली येतो. म्हणजे ठोकळा पडताना हात आत असूच शकत नाही. डब्यातल्या अकरा तुकड्यांतनं तसलंच इवलंसं यंत्र बनवायचं होतं. छगननं चार दिवसांत बनवलं. पण तेवढ्यावर थांबेल तर तो छगन कसला? त्यानं तारेचा एक आकडा केला. डावं बटण आकड्यात अडकवलं की ते दाबलेलंच राहायचं, आणि ठोकळा एका हातानं पडायचा.

"यंत्राला न्हाई फसवलंस तू," कानिफनाथ म्हणाला. आता त्याच्या आवाजातला खेळ गेला होता. "ती दोन बटनं कशापायी हायेत? हात वाचावा म्हून. फेक तो आकडा."

"हरला की हा असा रुसतो, बघ गं!" छगननं आत हाळी दिली.

राहीबाईनं भाकरी उलटली. तिला वाटलं, उद्या मिटेल.

छगननं आकडा फेकला नाही. कारखान्यात नेऊन मिरवला. आबासाहेब सुपरवायझरनं तो बोटांत फिरवून बघितला आणि म्हणाला, "छगनराव, असाच मोठा करून द्या की प्रेसला. एक हात मोकळा झाला तर माल दीडपट निघंल." छगनला कोणी 'राव' म्हणायची ती पहिलीच वेळ. त्यानं दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत करून दिला.

वीस दिवसांनी पहिल्या पाळीला कानिफनाथ प्रेसवर उभा राहिला. आदल्या पाळीवाला आकडा तसाच ठेवून गेला होता. आकडा रातपाळीलाच लावत, म्हणून कानिफनाथाला ते ठाऊक नव्हतं. पत्रा आत अडकला म्हणून त्यानं डावा हात घातला. उजवा बटणावरच होता. एका हातानं ठोकळा पडत नाही, हा त्याचा पक्का भरवसा. ठोकळा पडला. चार बोटं गेली.

सगळे धावले. छगन सगळ्यांच्या आधी. दुसऱ्यांनी कानिफनाथाला उचललं, आणि तेवढ्यात छगननं बटणावरचा आकडा काढून खिशात घातला.

चौकशी झाली. साहेबांनी प्रेस चालवून बघितली. एका हातानं पडेना. मग कामगारानंच हयगय केली असं लिहिलं, आणि कानिफनाथाचं काम गेलं. आबासाहेबानं तोंड उघडलं नाही. छगननंही नाही. निघायच्या दिवशी फडक्यात बांधलेला हात छातीशी धरून कानिफनाथ दारात आला. त्यानं एकच विचारलं.

"आकडा हुता का रे?"

"न्हाई," छगन म्हणाला.

कानिफनाथ बिऱ्हाड उचलून राहुरीला आपल्या गावी गेला. त्याच हप्त्यात छगनची प्यांट धुताना राहीबाईच्या बोटाला तार टोचली. आकड्यासारखी वाकवलेली, खेळातल्यापेक्षा मोठी, वीतभर. तिनं ती ओळखली. पुसून फळीवर ठेवली, छगनला दिसेल अशी. तो बघून गप्प बसला, आणि ती बोलली नाही. आपलं ते न बोलणंही त्याच्या खोट्यातच जमा झालं, हे तिला पुढं कळलं.

मग दर सुट्टीला छगन राहुरीला डबा नेऊ लागला. आता कोडी एका हातानं सुटतील अशी असत. नियमाप्रमाणं आधी स्वतः सोडवायचा, म्हणून तो डावा हात टॉवेलनं कमरेला बांधून बसे. तुकडा निसटला की दातांनी धरी. राहीबाई विचारी, "आवं, काय हे सोंग?" तो म्हणे, "नियम हाय."

कानिफनाथ डब्याला हात लावत नसे. डबा ओट्यावर पडे, पुढच्या खेपेला तसाच परत येई, सुतळीला छगनचीच गाठ. सहा वर्षं हेच. एकदाच नगरच्या बाजारात गाठ पडली तेव्हा त्याची बायको साळूबाई राहीबाईला म्हणाली, "ते म्हनत्यात, म्या एकच इचारलं हुतं. त्याचं उत्तर ह्या डब्यात हाय का? मग कशाला उघडू?"

राहीबाईनं ते घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. छगन जेवता जेवता उठला.

तोवर त्याच्या छातीत दुखणं शिरलं होतं. डॉक्टरनं राहीबाईला बाजूला घेऊन काय ते सांगितलं होतं. सत्त्याण्णवच्या माघात तो शेवटचा राहुरीला गेला, त्यानंतर आठ दिवसच होता. चालवत नव्हतं म्हणून राहीबाई बरोबर गेली. निघण्याआधी त्यानं डबा भरला, सुतळी बांधली. फळीवर हात फिरवला. राहीबाईनं मान वळवून घेतली. नंतर बघितलं तर फळी रिकामी होती.

कानिफनाथ ओट्यावरच बसला होता. छगननं डबा ठेवला, पायरीवर टेकला आणि बराच वेळ खोकला. त्या खोकल्यानं की कशानं, कानिफनाथानं उजव्या हातानं डबा उचलला. कानाशी धरला. हलवला.

साळूबाई चहा घेऊन आली ती दारातच थांबली.

"चिठ्ठीत किती लिव्हलंस?" कानिफनाथानं विचारलं.

"अकरा."

त्यानं परत हलवला. हळू.

"बारा हायेत."

"व्हय," छगन म्हणाला. "हुता. बारावा माझा हाय. कुनाला दावायचा त्याला दाव. चिठ्ठीवर म्या सही केलीया."

कानिफनाथानं डबा खालीही ठेवला नाही, उघडलाही नाही. कापलेल्या हाताचा अंगठा तेवढा त्यानं डब्यावर टेकवला. राहीबाईला वाटलं, आता हा माणूस ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

छगननं चहा संपवला, बशी उपडी घातली. कोपऱ्यातला मागच्या खेपेचा डबा उचलून गाठ बघितली. होती तशीच होती. "येतो रे," म्हणाला, दर वेळी म्हणायचा तसं. ये, असं कोणी म्हटलं नाही, तेही दर वेळेसारखंच. स्टँडवर नगरची गाडी लागलेलीच होती. त्यानं राहीबाईला खिडकीची जागा दिली आणि परतीचा डबा मांडीवर घेऊन बसला.