आईची बोटं वाजली नाहीत

माझी आई उरणकडची कोळीण. जन्मभर डोक्यावर पाटी घेऊन तिने मासळी विकली. घरातलं कोणी मोठ्या कामाला निघालं की ती दोन्ही हात त्याच्या तोंडावरून फिरवायची आणि बोटं आपल्या कानशिलावर दाबून मोडायची. कडकड आवाज आला म्हणजे दृष्ट निघाली. आवाज जितका मोठा, तितकी दृष्ट मोठी. माझ्या लग्नात सगळी बोटं वाजली तेव्हा म्हणाली, "एवरी नजर कुणाची गो? तुझ्या सासूचीच असंल." सासू मागेच उभी होती.

माझी मुलगी नवीन पनवेलला हाडांच्या डॉक्टरकडे कामाला आहे. बाळंतपणाला ती माझ्याकडे सुकापूरला आली. आईही आली होती. दवाखान्यात निघताना आईने नातीच्या तोंडावरून हात फिरवले, बोटं दाबली. एकही वाजलं नाही. बर्फातली मासळी उचलून उचलून तिचे सांधे सुजले होते. तिने पुन्हा दाबली. दुखून डोळ्यांत पाणी आलं. बाहेर रिक्षावाला हॉर्न देत होता, आम्ही निघालो.

बाळ जन्मलं, पण रडलं नाही. मुलगा होता.

आम्ही घरी आलो तेव्हापासून आई भिंतीकडे तोंड करून बसायची. जेवायची नाही. "नजर रेली त्याच्यावर. मना काढता आली नाय," एवढंच म्हणायची. शेवटी माझी मुलगीच अंथरुणातून उठून तिच्याजवळ बसली. दूध अजून आटलं नव्हतं, तिचा गाऊन ओला झाला होता. आजीचा हात मांडीवर घेऊन म्हणाली, "आजी, सांध्यात वंगण असतं. बोट ताणलं की त्यात हवेचा बुडबुडा होतो, त्याचा तो आवाज. तुझी बोटं आखडलीत म्हणून वाजत नाहीत. नजरेचं त्यात काही नाही. तुझ्यामुळे काही झालं नाही."

आईने नीट ऐकून घेतलं. मला वाटलं, आता जेवेल. पण तिने विचारलं, "मंग बाय, तुझी आय बारकी व्हती तवा वाजायची, ती पन हवाच?"

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी आईचं ताट वाढायला उठले.

त्या संध्याकाळी आई दोन घास जेवली. दुसऱ्या दिवशी उरणला निघून गेली.

आता आम्ही भेटायला गेलो की ती चहा करते, सुकी मासळी बांधून देते. निघताना मुलगी मुद्दाम तिच्यापुढे तोंड करून उभी राहते. आई म्हणते, "जा गो, गाडी जाईल," आणि हात पदराखाली घेते.