रिलाला शोभेल अशी काठी

मेव्हण्यानं मला मासेमारीची दोरी गुंडाळायचं बेटकास्टिंग रील भेट दिलं आणि काठी शोधायचं काम माझ्या गळ्यात मारलं. हे रील काठीच्या वर बसतं. म्हणून दोरी ओवायच्या कड्याही वरच्या अंगालाच हव्यात आणि मुठीखाली बोट अडकवायला आकडा हवा. भंडाऱ्याचा दुकानदार मात्र रील खाली लटकवायच्या काठ्याच पुढे करत होता. "सगळं फिट होते, भाऊ." मी चिडलो. पोराला चपला घ्यायला सोबत न्यावं, तसं मी रील पिशवीत घालून नेलं होतं. बसवून दाखवा, म्हटलं. तेव्हा कुठे त्यानं आतून आकडा असलेली, खिशाला झेपणारी फायबरची काठी काढली.

दोरी फेकायच्या सरावाला मी धान कापलेल्या बांधीत उतरलो. गळाऐवजी दोरीला लोखंडी नट बांधला. म्हशी घेऊन चाललेला शेजारी थांबला. "गुरुजी, बांधीत कोनता मासा धरून राहिले?" संध्याकाळपर्यंत गावभर झालं.

आमच्या घरी मासा हातात आल्याशिवाय वाटण करत नाहीत, नाहीतर मासा लागत नाही म्हणतात. पण रविवारी मी पवनीला वैनगंगेवर निघालो, तेव्हा बायको पाट्यावर कांदा-खोबरं वाटतच होती. माझ्यावर एवढा भरवसा! माझी छाती फुगली.

दुपारी हात हलवत परतलो. ताटात झणझणीत रस्सा होता, वांग्यांचा.

"तू आधीच वाटलं, म्हणून मासा लागला नाही," मी कुरकुरलो.

"वांगे त मी कालच आनून ठेवले होते," ती म्हणाली.