फौजदार आणि बेकरीचं दार

माझ्या थोरल्या जाऊबाईंचं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. नवीन कपडा त्या शिवत नाहीत. "नवीन शिवणारे पैशाला पासरी," त्या म्हणतात, "दुसऱ्यानं घातलेला घोळ निस्तरायला अक्कल लागते." कुणाच्या पँटची उंची, कुणाच्या कोटाचं अस्तर, लग्नाआधी घेतलेला आणि लग्नानंतर न बसणारा झगा, सगळं त्यांच्याकडे येतं. ओठांत चार टाचण्या धरून त्या अखंड बोलत असतात आणि गिऱ्हाइकाला शब्द न् शब्द कळतो. मी त्यांना ताई म्हणते. दुपारी घरचं आवरलं की मी तिथे जाऊन बटणं लावत बसते, त्यामुळे ही सगळी हकिगत माझ्या डोळ्यांसमोर घडली.

फौजदार आला तो एका कोटाबरोबर. कोट घट्ट करायला आलेले एक वयस्कर गृहस्थ मुलाकडे कायमचे राहायला निघाले होते आणि मुलाच्या इमारतीत कुत्रं चालत नव्हतं. "याला कुणी ठेवून घेणारं दिसलं तर सांगा," असं ते सहज बोलून गेले. कोट न्यायला आले तेव्हा एकटेच परत गेले.

"अगं, माणूस कोट घट्ट करायला आला होता ना?" संध्याकाळी भाऊजींनी विचारलं. भाऊजी म्हणजे ताईंचे यजमान.

"केला की घट्ट. आता हा राहिला."

भाऊजी पाण्याचे मीटर तपासतात. आयुष्यभर लोकांच्या फाटकांतून आत-बाहेर करताना जितकी कुत्री त्यांच्या पोटरीला लागली, तितकी माणसं त्यांच्याशी बोलली नसतील. तरी ते पहिल्या रात्री गप्प बसले, कारण तांबूस रंगाचा, एक कान पडलेला तो प्राणी घरात अगदी गरीब गाय होता. दुसऱ्या दिवशी त्याला रस्त्यावर नेलं आणि समोरून दुसरं कुत्रं आलं. गाईचा वाघ झाला. दोन पायांवर उभा राहून, पट्टा ताणून, असा भुंकला की समोरच्या कुत्र्यापेक्षा त्याची मालकीणच आधी पळाली. "हा कसला पाळीव, हा तर फौजदार," भाऊजी म्हणाले, आणि तेच नाव चिकटलं.

त्याला घरी ठेवून जावं तर तो इतका गळा काढायचा की खालच्या मजल्यावरचे लोक कुणी गेलंबिलं का म्हणून विचारायला वर आले. म्हणजे दुकानात नेणं आलं. आणि दुकान बेकरीला लागून. बेकरीच्या दारात एक जाडं पांढरं कुत्रं दिवसभर बसलेलं, उरलेल्या पावावर पोसलेलं, स्वभावानं साधुसंत. त्याच्यासमोरून गेल्याशिवाय दुकानाचं कुलूप उघडायचं नाही. तिथेच एका सकाळी फौजदारानं हिसका दिला, ताई पायरीवर आपटल्या आणि उजवं मनगट मुरगळलं.

शिवणाऱ्या बाईचं उजवं मनगट! भाऊजींनी पट्टी बांधली आणि तेव्हाच निर्वाणीचं बोलले. "हात की कुत्रा, एक काय ते ठरव. माझ्या ओळखीचा एक शेतावर राहतो. तिथे मोकळं रान आहे, मजेत राहील."

"महिनाभर थांबा," ताई म्हणाल्या. "मी आजवर एकही कपडा 'होत नाही' म्हणून परत दिलेला नाही."

"तो कपडा नाहीये गं!"

"दिसतंय मला."

मग कुत्र्यांना वळण लावणाऱ्या एक ट्रेनरबाई आल्या. त्यांनी फौजदारापेक्षा ताईंकडेच जास्त बघितलं. म्हणाल्या, तो रागावलेला नाही, घाबरलेला आहे. पट्ट्यामुळे पळता येत नाही, म्हणून आधीच आरडाओरडा करून समोरच्याला लांब ठेवतो. दुसरं कुत्रं दिसेल पण तो भुंकणार नाही इतक्या अंतरावर उभं राहायचं. त्यानं तिकडे बघितलं की लगेच तोंडात चिकनचा तुकडा. हळूहळू तो स्वतःच बघेल आणि खाऊसाठी तुमच्याकडे वळेल, मग अंतर थोडं थोडं कमी करायचं. आणि पट्टा कायम सैल.

"म्हणजे दोरा जास्त ताणला की शिवणीला चुण्या पडतात, तसं," ताई म्हणाल्या.

"मला शिवणातलं कळत नाही, पण असेल," ट्रेनरबाई हसल्या. उजवा हात अधू आहे म्हटल्यावर पट्टा कमरेला अडकवायला त्यांनी सुचवलं. ताईंनी त्याच रात्री जाड कापडाचा दुहेरी टिपेचा कमरपट्टा डाव्या हातानं शिवला, त्याला कडी लावली.

"वा," भाऊजी म्हणाले. "आधी नुसता हात गेला होता, आता अख्खी तूच जाशील."

बेकरीसमोरच्या फुटपाथवर, औषधांच्या दुकानापाशी त्या रोज उभ्या राहायच्या. औषधवाल्याला वाटलं बाईंना काहीतरी घ्यायचंय पण विचारायची लाज वाटतेय. बारीक चिरलेलं चिकन, सैल पट्टा, सगळं सांगितल्याप्रमाणे. कधी छान जमायचं. फौजदार पांढऱ्याकडे बघायचा, वळायचा, तुकडा खायचा. आणि कधी एकदम काही कारण नसताना उसळायचा. पांढरं झोपलेलं असलं तरी. एकदा तर समोर कुत्रंच नव्हतं. लांबून एक नुसतं येताना दिसत होतं, तेही फक्त ताईंना. फौजदार जमिनीवर काहीतरी हुंगत होता. तरी भुंकला.

"मनकवडा आहे की काय मेला," ताई म्हणाल्या. पहिल्यांदाच मला त्यांचा आवाज थकलेला वाटला. महिना संपत आला होता.

उलगडा झाला तो घरात, जेवायच्या आधी. मी डबा द्यायला गेले होते. भाऊजी कामावरून आले ते तोंड पाडूनच. ताई म्हणाल्या, "काय झालं हो?"

"काही नाही."

टेबलाखाली चारी पाय वर करून झोपलेला फौजदार ताडकन उठला आणि पडद्याकडे तोंड करून भुंकायला लागला.

आम्ही खिडकीतून बघितलं. रस्ता रिकामा. तो शांत झाला, परत आडवा पडला. ताई त्याच्याकडे टक लावून बघत राहिल्या. मग अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "काही नाही."

भुंकणं! या वेळी दाराकडे तोंड करून.

"अगं बाई," ताई मटकन खाली बसल्या. "हे मीच शिकवलंय याला."

खरंच होतं ते. लांबून कुत्रं दिसलं की ताईंच्या तोंडून आपसूक निघायचं, "काही नाही रे बाळा, काही नाही." लहान मूल पडलं, ताटली फुटली, ढग गडगडले, आपण सगळे हेच म्हणतो. पण फौजदारानं एवढंच टिपलं होतं की हे दोन शब्द आले की पाठोपाठ कुत्रं येतं. त्यामुळे धीर द्यायचे शब्द त्याच्यासाठी भोंगा झाले होते.

ताईंना इतकं हसू आलं की डोळे पुसावे लागले. भाऊजी मात्र हसले नाहीत.

"आता हे दोन शब्द घरात बंद," ताई म्हणाल्या. "तर सांगा, काय झालं?"

नेहमीचं उत्तर बंद झाल्यावर माणसाकडे खरं सांगण्यावाचून काय उरतं? "मी शेतावरच्याला फोन केला," भाऊजी म्हणाले. "रविवारी येतोय न्यायला. तुला सांगायचं कसं, तेच कळत नव्हतं. परवा रात्री झोपेत कुशीवर वळलीस तेव्हा कण्हलीस. त्या मनगटावर घर चालतं म्हणून नाही म्हणत मी. तुझं मनगट आहे म्हणून म्हणतोय."

ताईंनी फौजदाराच्या पडलेल्या कानावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "येऊ दे त्याला. पण त्याआधी याला दुकानापर्यंत एकदा तुम्ही न्या. नाही जमलं तर मीच त्याचं सामान बांधून देईन."

"मी? जगातलं प्रत्येक कुत्रं मला ओळखतं!"

"म्हणूनच. तुमच्या हातात जमलं तर कुणाच्याही हातात जमेल."

रविवारी सकाळी आम्ही तिघं निघालो. पट्टा भाऊजींच्या हातात, खिसा चिकननं फुगलेला.

"मूठ सैल," ताई म्हणाल्या.

"सैलच आहे."

"बोटं पांढरी झालीत तुमची."

"काय बोलू मी त्याच्याशी?"

"काहीही बोला. रोजचं बोला. मीटरचं सांगा."

बेकरी दिसायला लागली. पांढरं दारात बसलं होतं आणि आज नेमकं ते उठून उभं राहिलं, शेपूट हलवायला लागलं. फौजदार थांबला. पडलेला कानसुद्धा ताठ. सवयीचे शब्द भाऊजींच्या अगदी ओठांपर्यंत आलेले मला दिसले, ते त्यांनी गिळले. "तर त्या कोपऱ्यावरच्या घराचा मीटर आहे ना," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "त्याची काच गेले सहा महिने धुरकट आहे. आकडा दिसत नाही. मालक म्हणतो पुसा. मी म्हणतो, बाबा रे, ती आतून धुरकट आहे..."

बोलता बोलता त्यांची मूठ खरंच सैल झाली. पट्ट्याला मध्ये झोळ पडला. फौजदारानं पांढऱ्याकडे बघितलं, मान वळवली आणि धुरकट काचेची गोष्ट सांगणाऱ्या माणसाकडे बघितलं.

"तुकडा!" ताई कुजबुजल्या.

भाऊजींनी दोन तुकडे पाडले, तिसरा तोंडात दिला. फुटपाथच्या कडेनं थोडा वळसा घेत, मीटरबद्दल बोलत बोलत ते बेकरीवरून पुढे गेले. पांढरं परत बसलं. बेकरीवाल्यानं आतून विचारलं, "आज पोलीस बंदोबस्त नाही का?"

दुकानाचं कुलूप ताईंनी उघडलं. भाऊजी दारातच उभे राहिले, हात पँटला पुसत. मग फोन काढून बाहेर गेले. काचेतून त्यांचे हातवारे तेवढे दिसत होते. आत आले तेव्हा म्हणाले, "चिडलाय तो. निघाला होता म्हणे. कुत्र्याऐवजी तुलाच घेऊन जाऊ का, असं विचारत होता."

"मग?"

"म्हटलं, बायकोला विचारून सांगतो."

ताईंनी रविवार असूनही मशीनवरचं कापड काढलं. एक टीप राहिली होती म्हणे. खरं तर मनगट साथ देतं का, ते त्यांना नुसतं बघायचं होतं. मशीन धडधडायला लागलं तेव्हा फौजदार दचकून उठला, चाकाकडे बघितलं, ताईंच्या पायांकडे बघितलं. मग कापायच्या टेबलाखाली चिंध्यांच्या ढिगात तीनदा गोल फिरून पसरला. भाऊजी स्टुलावर बसून माझ्याकडची बटणं रंगाप्रमाणे वेगळी करत होते, आणि निळी न् काळी सरसकट एकत्र करत होते.