बंबात जळलेला मंगळ

लग्न होऊन भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टरमध्ये आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात आमच्या ह्यांनी मला एक नियम सांगितला. "कारखान्यात मी काय करतो ते तू विचारायचं नाही, अन् मी सांगणार नाही." मानपान, उपासतापास, डोक्यावरचा पदर, कशाबद्दल त्यांचं काही म्हणणं नव्हतं. हा एकच नियम, आणि तो वसाहतीतल्या घरोघरी होता. बायका भोंग्यावर भात टाकायच्या, भोंग्यावर चहाचं आधण ठेवायच्या, पण नवरा दिवसभर काय करतो हे एकीलाही ठाऊक नसायचं. मी बी.एस्सी. झालेली, 'का' आणि 'कसं' विचारल्याशिवाय घास न उतरणारी. मला हे फार जड गेलं. तरी पाळलं. वर मनाशी ठरवलं, तुम्ही तुमचं सांगत नाही ना, मग मीही माझ्या शाळेतलं सांगणार नाही. झाली फिटंफाट!

माझी शाळा शहापूरच्या पुढं, हमरस्त्याला लागून. मी विज्ञान शिकवायची. जागा तात्पुरती होती. हेडमास्तरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "बाई, हिवाळ्यात शिक्षण खात्याचे साहेब तुमचा पाठ पाहायला येतील. त्यांनी चांगला शेरा दिला तर जागा कायम. नाही तर माझ्या हातात काही नाही." ती जागा मला हवी होती. पगारासाठी हवी होतीच, पण त्याहून जास्त म्हणजे फळ्यापुढं उभी राहिले की मी कुणाची तरी सून, कुणाची तरी बायको राहत नसे. तेवढे तास मी माझी असायची.

ते आणीबाणीचं वर्ष. त्याच पावसाळ्यात अमेरिकेचं एक यान मंगळावर उतरणार होतं. मी नववीच्या वर्गाला मोठ्या दिमाखात सांगून ठेवलं, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी उतरणार बरं का! आणि आली का पंचाईत. रेडिओवर बातमी आली, उतरणं पुढं ढकललं. का, तर जी जागा जुन्या फोटोंवरून सपाट म्हणून ठरवली होती, ती जवळ जाऊन नवे फोटो काढल्यावर खडबडीत निघाली. आता दुसरी जागा शोधणं चालू आहे. झालं! रोज सकाळी वर्गात पाऊल टाकलं की मागच्या बाकावरून हाळी यायची, "उतरलं का जी, बाई?" "नाही रे बाबा." "काहून नाही उतरलं जी? पेट्रोल सरलं काय?" सगळा वर्ग खिदळायचा. त्या यानापायी माझ्या नाकी नऊ आले. शेवटी एकदाचं ते उतरलं, पण तोवर पोरांना त्याचं काही अप्रूप उरलं नव्हतं.

माझ्या डोक्यातून मात्र ते जाईना. ठरलेला मुहूर्त, तोही एवढा मोठा, मोडायचा? साऱ्या जगासमोर 'थांबा, आम्हाला पुन्हा पाहू द्या' म्हणायचं? मला वाटलं, पोरांना शिकवायचं असेल तर हे शिकवावं. यान किती मोठं, किती वेगाचं, ते पाठ करून काय होणार? साहेबांपुढचा पाठ यावरच घ्यायचा, हे मी पक्कं केलं. भंडाऱ्याच्या वाचनालयात एका इंग्रजी मासिकात यान पाठवणाऱ्या त्या अमेरिकन संस्थेचा पत्ता सापडला. तिथं पत्र टाकलं, 'शाळेसाठी फोटो मिळेल काय?' आणि दिवाळीनंतर खरंच एक गुंडाळी पोस्टानं आली.

काय फोटो होता तो! अनेक तुकडे जोडून केलेला, करडा, गुळगुळीत कागदावरचा. मोठ्या पाटासारखी नद्यांची कोरडी पात्रं, त्यांत बेटं, आणि सगळीकडे लहानमोठे गोल खड्डे. पाहिल्या पाहिल्या मला हसू आलं. आपला जिल्हा वरून पाहिला तर असाच दिसेल! धानाला पाणी द्यायला आपल्याकडे गावोगावी तलाव आणि बोड्या, म्हणजे लहान तळी, खोदलेल्या, मधून वैनगंगा. तिथंच मला पाठाची सुरुवात सापडली. फोटो भिंतीवर लावायचा आणि विचारायचं, "ओळखा पाहू, हे कुठलं?" पोरं म्हणणार, आपल्याच इकडचं. मग सांगायचं, हा मंगळ. फोटोखाली इंग्रजीत छापलं होतं, ते पोरांनी आधी वाचू नये म्हणून मी ती पट्टी कापून पिशवीत ठेवली. लाल पेन्सिलीनं दोन लंबगोल काढले. एकावर फुली मारून लिहिलं, 'येथे उतरायचे होते, रद्द'. दुसऱ्याजवळ लिहिलं, 'येथे उतरले'. गुंडाळीचा बाक जाईना, म्हणून फोटो गादीखाली सरळ व्हायला ठेवला.

ह्यांना यातलं काही सांगितलं नव्हतं. नियमच होता ना!

पाठाच्या दिवशी सकाळी उठले तर हे माझ्याआधीच उठलेले. अंगणात बंब पेटलेला. थंडीचे दिवस, मी मनात म्हटलं, चला, आज बायकोची दया आली. छान कढत पाण्यानं आंघोळ केली, इस्त्रीची साडी नेसले, डबा भरला आणि गादी उचलली. खाली फोटो नाही. दुसरी गादी उचलली. नाही. सतरंजी झटकली, खाटेखाली वाकून पाहिलं.

"काय धुंडून राहिली?" हे दारात उभे होते. चेहरा पांढराफटक.

"इथं माझा एक कागद होता."

ह्यांनी खिडकी लावून घेतली. "हळू बोल. जाळला मी तो. बंबात घातला."

मला वाटलं मी चुकीचं ऐकतेय. "काय केलं?"

"कोणं देल्ला होता तुले? खरं सांग. आभायातून काढलेला फोटो, त्याच्यावर लाल खुणा, अन् लपवून ठेवला गादीखाली! कारखान्यात नोकरी करतो मी. कोणं पाहिला असता म्हणजे? हे दिवस कोणते हायेत, समजते का तुले?"

"अवो, तो मंगळाचा फोटो होता!"

"मले येडा समजतं काय? मले डोळे नाहीत? तो वैनगंगेचा पाट होता. त्या साऱ्या बोड्या होत्या. अन् एक त आमच्या करडी गावची बोडी, आमच्या धानाच्या बांधीजवळची. लहानपणी तिच्यात म्हशी धुतल्या मी. अन् तुह्याच अक्षरात लिवलं होतं, येथे उतरले. कोण उतरलं वं? कायले उतरलं?"

माय वं! तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. हसावं की रडावं, की हातातला डबा भिंतीवर फेकून मारावा? साप साप म्हणून भुई धोपटायची, आणि भुई कोणती, तर मंगळाची! मी ती कापलेली पट्टी पिशवीतून काढून ह्यांच्या नाकासमोर धरली. हे इंग्रजी अक्षरं जुळवत राहिले, तेवढ्यात बसची वेळ झाली. "निदान मला विचारायचं तरी!" असं ओरडून मी निघाले. रस्ताभर अंगाला कढत पाण्याची ऊब होती, आणि ती कशाची ते आठवून मला शिसारी येत होती. महिनोन्महिने वाट पाहिलेला फोटो मी अंगावर ओतून घेतला होता.

साहेब वेळेवर आले. मागं खुर्ची टाकून बसले. मी फळ्यावर खडूनं जमेल तशी नदी काढली, गोल काढले, लंबगोल काढले आणि विचारलं, "ओळखा पाहू, हे कुठलं?"

पोरं माना वाकड्या करून फळ्याकडे पाहू लागली. शेवटी एक मुलगी चाचरत म्हणाली, "बाई, भाकर हाये काय? खालून जळलेली?"

पोरं फुटली. साहेबही हसले. तिचं काय चुकलं? माझं चित्र भाकरीसारखंच होतं. मी मग हा मंगळ आहे, यान उतरवायची जागा कशी निवडली, फोटोत सपाट दिसणारी भुई जवळून कशी खडबडीत निघते, हे घसा कोरडा पडेस्तोवर सांगितलं. पण दाखवायलाच काही नाही, तर 'पुन्हा पाहिलं' यात काय पाहिलं, हे पोरांना कळणार कसं?

तास संपल्यावर साहेबांनी हेडमास्तरांसमोर विचारलं, "पाठाच्या टाचणात तुम्ही छायाचित्र लिहिलंय. कुठं आहे?"

हेडमास्तर माझ्याकडे पाहू लागले. मी काय सांगणार होते? नवऱ्यानं जाळलं म्हणून सांगू? मग पुढचा प्रश्न येणार, का जाळलं? तुमचे मिस्टर कुठं असतात? त्या दिवसांत असलं काही एका तोंडातून दुसऱ्या तोंडात गेलं की त्याचं काय होऊन परत येईल, याचा नेम नव्हता. ज्या माणसाच्या रागानं मी सकाळपासून धुमसत होते, त्याच्याच नोकरीसाठी मी मान खाली घातली.

"घरी विसरले, सर."

"विज्ञानाची शिक्षिका अन् मुख्य साधनच विसरली?" साहेब म्हणाले. चहा घेतला आणि गेले.

संध्याकाळी ह्यांनी विचारलं, "झाला पाठ?" मी म्हटलं, "झाला." एवढंच. ह्यांनी जास्त विचारलं नाही, मी सांगितलं नाही. उन्हाळ्यात शाळेनं दुसऱ्या बाई घेतल्या. मी घरी येऊन म्हटलं, "जागा भरली त्यांनी." हे म्हणाले, "जाऊ दे. तात्पुरतीच होती. आपल्याले काय कमी हाये?" आणि जेवायला बसले. मी वाढलं. त्या रात्री वरणात मीठ नव्हतं, तेही हे मुकाट्यानं जेवले. मग मी पोरांच्या शिकवण्या घेत राहिले, पण पुन्हा शाळेत काही लागले नाही.

नंतर वसाहतीत टीव्ही आले. आमच्याकडेही आला, आणि रविवारी आजूबाजूची मंडळी सतरंजीवर येऊन बसू लागली. एका हिवाळ्यात ग्रहांवरचा कार्यक्रम लागला. पडद्यावर कोरडी पात्रं, बेटं, गोल खड्डे. मी ओट्याजवळ चहा गाळत होते, माझा हात थांबला. आणि हे एकदम मोठ्यानं हसले.

"अरे, हे त आमच्या घरी होतं! मी बंबात घातलं होतं हे!"

मग ह्यांनी सगळी गोष्ट रंगवून सांगितली. गादी, लाल खुणा, करडीची बोडी, सगळं. "मंगळाच्या पाण्यानं आंघोळ केली हो हिनं!" लोक पोट धरधरून हसले. मी चहाचा ट्रे घेऊन उभी. इतकी वर्षं आतल्या आत मी जे गिळत होते, ते ह्यांच्या लेखी एक गमतीचा किस्सा होता. ट्रे तिथंच आपटावासा वाटला.

शेजारची नवी सून तेवढी हसायची थांबली. "मंग तुमच्या त्या पाठाचं काय झालं जी, काकू?"

"काय होणार?" मी म्हटलं. "साहेबांनी फोटो मागितला. मी घरी विसरले म्हणून सांगितलं. जागा गेली."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. हसणं तोंडावर तसंच राहिलं होतं, काढून घ्यायचं विसरल्यासारखं. ह्यांना माहीतच नव्हतं. खरंच माहीत नव्हतं. कुणी तरी टीव्हीचा आवाज वाढवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी नेहमीसारखा बंब पेटवला. हाडं गोठवणारी थंडी होती. हे उठले, अंगणात आले, पेटलेल्या बंबापाशी थोडा वेळ उभे राहिले. मग टाक्यावर गेले, बादली भरली आणि गार पाणी डोक्यावर घेतलं. दातावर दात वाजत होते.

"अवो, पाणी तापलं आहे," मी म्हटलं.

"तू घे," हे म्हणाले, आणि दुसरी बादली ओतली.

त्यानंतर हा माणूस त्या बंबाच्या पाण्यानं कधी न्हाला नाही. माझा राग काही गेला नाही, खोटं कशाला सांगू? पण रोज पहाटे ते गार पाण्याचं सपकन वाजणं ऐकलं की मी उठून ह्यांच्यासाठी चहा ठेवायची, थोडं जास्त आलं घालून.