मोहाच्या दिवसांतली रिकामी बाकं

आज अहेरीच्या बाजारात मोहफुलांचा गोडसर, आंबूस वास आला आणि तो दिवस आठवला. मी कॉलेजात नवीन प्राध्यापिका होते. एका परदेशी विद्यापीठाचे प्राध्यापक आमच्यासोबत अभ्यासक्रम सुरू करायचा का, ते बघायला येणार होते. माझा वनस्पतिशास्त्राचा वर्ग मात्र रिकामा. मोहाच्या दिवसांत पोरं पहाटेच जंगलात फुलं वेचायला जातात.

"सर, पाहुण्यांले जंगलातच नेऊ," मी प्राचार्यांना म्हटलं.

"काऊन मॅडम, कॉलेजची इज्जत घालवून राह्यल्या?"

त्यांनी व्यापाऱ्यांची पोरं आणून बाकांवर बसवली. पाहुणे फोटो काढून गेले, परत आले नाहीत.

काल त्याच विद्यापीठाचं ऑनलाइन प्रशिक्षण होतं. मोहफुलं पहाटे वेचतात, असं त्यांनी आम्हाला इंग्रजीतून शिकवलं. हजेरी सक्तीची होती.