जुन्या गावठाणातली ओटी

मांजरा जिथं गोदावरीला मिळते तिथवर सायकलनं जायचं, असं मी आणि माझ्या नवऱ्यानं ठरवलं होतं. दोघंही लातूरला शिकवतो. सुट्टीत सायकली काढायचा नाद आम्हाला पन्नाशीत लागला. देगलूरच्या लॉजवरून उजाडताच निघालो आणि मोठा रस्ता सोडून नदीकाठची पांदण धरली.

आधी हळद, मग कापूस, मग नुसती वेडी बाभळ. संगम जवळ येतो तशी नदी पसरते, गाळाची बेटं वर येतात, पाणी कुणीकडं चाललंय तेच कळत नाही. त्या दिवशी पाखरंही गप्प होती.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा जुनं गावठाण लागलं. पुराच्या भीतीनं गाव केव्हाच वर माळावर उठून गेलेलं. जाताना लोकांनी दारं, चौकटी काढून नेलेल्या. त्या उघड्या भिंतींमधून सायकली हातात धरून चाललो होतो, तेवढ्यात खराट्याचा आवाज आला. आम्ही थांबलो की तोही थांबायचा. नवरा म्हणाला, परत फिरू. मी पुढं गेले.

छप्पर नसलेल्या एका घरापुढं ओला सडा होता, वर ताजी रांगोळी. उंबऱ्याच्या जागी एक म्हातारी उभी होती. मला बघून तिला जराही नवल वाटलं नाही.

"आलीस? लई उशीर केलास माय," ती म्हणाली. "पाय बरा हाय का आता?"

लहानपणी माझा डावा पाय मोडला होता. पण मी लंगडत नाही, आणि पँटखालचा व्रण कुणाला दिसणार? नवऱ्यानं मागून माझी बाही धरली.

"हाव, बरा हाय," मी म्हणाले. असं का म्हणाले, सांगता येत नाही.

नवरा बाहेरच थांबला. तिनं मला आत बसवलं, म्हणजे चार भिंतींमधल्या उन्हात. तांब्याभर पाणी दिलं. म्हशीचं, शेजारणींचं बोलत राहिली, जणू मी सगळ्यांना ओळखते. मधेच माझ्या खांद्यावरून मागं बघून तिनं कुणाला तरी हळू बोलायला सांगितलं. मागं कुणी नव्हतं. निघताना तिनं पदरातल्या ज्वारीनं माझी ओटी भरली. मला पदर नव्हता, मी टी-शर्टचा घेर पुढं धरला, मग ज्वारी रुमालात बांधून घेतली.

पांदणीच्या वळणावर तिची सून भेटली, सासूला न्यायला आलेली. म्हातारी रोज इथं येऊन झाडते, कुणाचं ऐकत नाही, म्हणाली. मी विचारलं, त्यांची लेक कुठं दिलीय?

सून माझ्याकडं बघत राहिली. "लेक न्हाई त्यांना. एकच ल्योक, माझा मालक."

मी पायाचं सांगितलं. तशी ती दोन पावलं मागं सरली. "पोर येनार हाय, पाय दुखतोय म्हणून उशीर लागतोय, असं रोजच म्हणून राहिल्यात."

संगमावर पोचलो तेव्हा दोन्ही नद्यांचं पाणी एकाच मळक्या रंगाचं होतं. नवरा म्हणाला, ती ज्वारी सोड पाण्यात. ओटीतलं टाकत नसतात, एवढंच मी म्हणाले आणि रुमालाची गाठ घट्ट केली. धर्माबादपर्यंत तो माझ्या पुढं राहिला, एरवी मागं असतो.

घरी आल्यावर ती ज्वारी डब्यातल्या ज्वारीत मिसळून मी दळून आणली. ते पीठ संपेपर्यंत नवऱ्यानं पोळीच खाल्ली.